दोन कॉलेजे, दोन वेगळ्या मदती: आदिलाबादच्या मराठी कुटुंबांनी निवड करताना काय पाहावे

इंटरचा निकाल लागला, एप्सेटची रँक हाती आली, की आपल्या घरांत एकच विषय चालतो. पोराला हैदराबादला घालायचे, वरंगलला, की सरळ नांदेड-नागपूर गाठायचे? तिकडे मामा आहे, मावशी आहे, भाषा आपली आहे. इकडे फी रीइम्बर्समेंट आहे. एखाद्या खाजगी विद्यापीठाचा फोनही येतो की तुमच्या मुलीला पन्नास टक्के स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, आठवडाभरात सीट पक्की करा. मग ज्याची मदत मोठी दिसते त्याच्याकडे मन ओढले जाते. पण मदतीचा आकडा आणि घरातून जाणारा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांसाठी तर मदत मिळेल की नाही हेच मुळात कागदपत्रांवर ठरते.

आपली ही अडचण जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. बाकी जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. एकाच गोतावळ्यातली घरे दोन राज्यांत आली. लग्ने, बाजार, देवदर्शन सगळे पूर्वीसारखे चालू राहिले, पण शिष्यवृत्ती, आरक्षण आणि स्थानिक कोटा मात्र सरहद्द पाहून मिळू लागले. २०१४ मध्ये तेलंगणा झाले, २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पत्ते बदलले, नियमांची जात तीच राहिली.

मदत म्हणजे नेमके काय

कोणत्याही कॉलेजचे मदतीचे पत्र आले की त्यातली रक्कम तीन भागांत फोडावी. परत न करायची मदत, म्हणजे शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, फी रीइम्बर्समेंट, ही खरी मदत. काम करून मिळवायचे पैसे हा दुसरा भाग. कर्ज हा तिसरा. अनेक खाजगी संस्था 'आर्थिक साहाय्य' या एकाच शीर्षकाखाली तिन्ही मांडतात आणि खाली मोठी बेरीज लिहितात. कर्ज ही मदत नव्हे, ते पैसे आपलेच आहेत, फक्त उद्याचे. अमेरिकेत एम.एस.साठी जाणाऱ्या मुलांच्या पत्रांतही हाच प्रकार असतो. विद्यापीठाने दिलेली शुल्कसवलत आणि कॅम्पसवर तासांच्या हिशेबाने मिळू शकणारे काम एकाच कागदावर येते, आणि घरचे लोक दोन्ही धरून बेरीज करतात. काम मिळण्याची शक्यता म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे.

तेव्हा पाहायचा आकडा एकच: एकूण खर्चातून परत न करायची मदत वजा केल्यावर घरातून किती जाणार. तोही एका वर्षाचा नव्हे, पूर्ण अभ्यासक्रमाचा.

तेलंगणात मिळणारी मदत

इथे दोन भाग आहेत. शिकवणी शुल्काचा परतावा, ज्याला आपल्याकडे सगळे आर.टी.एफ. म्हणतात, आणि राहण्या-खाण्यासाठीचा निर्वाहभत्ता, म्हणजे एम.टी.एफ. दोन्हींचा अर्ज ई-पास संकेतस्थळावर होतो. उत्पन्नाचा दाखला मी-सेवा केंद्रातून तहसीलदारांच्या सहीने काढावा लागतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एससी आणि एसटी विद्यार्थ्यांसाठी २ लाखांपर्यंत, आणि बीसी, ईबीसी व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण भागात दीड लाख आणि शहरात २ लाखांपर्यंत अशी मर्यादा चालत आली आहे. हजेरी ७५ टक्के लागते.

अभियांत्रिकीला जाणाऱ्या बीसी आणि ईबीसी मुलांनी एक नियम पक्का लक्षात ठेवावा. रँक १० हजारांच्या आत असेल तर पूर्ण फी शासन देते. त्यापुढे ३५ हजारांपर्यंतच मिळते आणि वरचा फरक घरातून भरावा लागतो. म्हणून 'फी रीइम्बर्समेंट आहे ना, मग काय चिंता' हे वाक्य ३५ हजार फीच्या कॉलेजात खरे आहे आणि सव्वा लाखाच्या कॉलेजात अर्धेही खरे नाही. एससी आणि एसटी विद्यार्थ्यांना ही ३५ हजारांची कात्री लागत नाही. आणखी एक: ही मदत कन्व्हीनर कोट्यातील सीटलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. दलाल ही गोष्ट शेवटी सांगतात, कधी कधी सांगतही नाहीत.

दुसरी अडचण उशिराची. परताव्याची थकबाकी हा तेलंगणातला जुना प्रश्न आहे; २०२५ मध्ये तर खाजगी कॉलेजांनी थकीत रकमेसाठी बंदही पुकारला. पैसे सरकारकडून यायचे असले तरी त्याचा त्रास विद्यार्थ्याला होतो. कोर्स संपला, नोकरी लागली, पण आर.टी.एफ. आला नाही म्हणून कॉलेज मूळ कागदपत्रे देत नाही, आणि मग घरचे लोक उसनवारी करून ती रक्कम भरतात. म्हणून परतावा मिळेल असे धरून चालावे, पण तेवढी रक्कम अडचणीच्या वेळी उभी करता येईल का, हेही आधी पाहून ठेवावे. सरकारी आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या कॉलेजांत फीच कमी असल्याने हा धोका लहान होतो. माझ्या मते साधारण रँकच्या मुलासाठी हाच सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

दहावीनंतरचा बासरचा पर्यायही घरात बोलावा. राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे बासर ट्रिपल आयटी म्हणतात, २००८ मध्ये ग्रामीण मुलांसाठीच सुरू झाले. तिथला अभ्यासक्रम सहा वर्षांचा, निवासी, इंटर आणि बी.टेक. एकत्र. इंटरच्या दोन वर्षांचा खाजगी कोचिंगचा खर्च वाचतो, हा हिशेब बहुतेक लोक करत नाहीत. साध्या पदवीसाठी २०१६ पासून दोस्त ही एकत्रित प्रवेशपद्धत आहे, आणि समाजकल्याण व आदिवासी कल्याण विभागांच्या निवासी पदवी महाविद्यालयांत राहणे-जेवण धरून शिक्षण होते. मुलीला लांब ठेवायला घर कचरत असेल तर खाजगी हॉस्टेल शोधण्याआधी तिथे चौकशी करावी.

महाराष्ट्रात गेल्यास

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ, नागपूर, यवतमाळ ही ठिकाणे आपल्याला परकी नाहीत. कृष्णा एक्सप्रेस आणि नंदीग्राम एक्सप्रेस यांनी पिढ्या ये-जा करत आल्या आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला बी.ए., बी.कॉम.ला तिथे आपल्या भाषेत पेपर लिहिता येतो, हा फायदा पैशात मोजता येत नाही, पण तो खरा आहे. ज्या मुलाचे इंग्रजी आणि तेलुगू दोन्ही कच्चे आहे त्याचे एक वर्ष वाचणे हीसुद्धा मदतच.

मात्र महाराष्ट्र शासनाची मदत महाराष्ट्राच्या रहिवाशांना आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्ता, आणि २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी पूर्ण शुल्कमाफी, या सगळ्यांना तिथले अधिवास प्रमाणपत्र लागते. त्यासाठी साधारण पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. बातमी वाचून 'मुलींची फी माफ झाली' म्हणून नांदेडला धावलेली घरे आहेत. ती माफी जैनद-बेल्याच्या मुलीला लागू नाही.

महाराष्ट्राच्या प्रवेशांत सीमाभागातील मराठी मुलांसाठी जागा असतात असे ऐकून बरेच जण विचारतात. त्या जागा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातील ८६५ गावांसाठी आहेत. बेळगावच्या मुलाला त्या मिळतात, आदिलाबादच्या मुलाला नाही. आपल्याकडे मराठी मातृभाषा असणे हा त्या नियमात पुरेसा आधार होत नाही. हे अन्यायाचे वाटते, आणि त्याबद्दल निवेदने देणे योग्यच आहे, पण यंदाच्या प्रवेशाचा हिशेब आजच्या नियमावर करावा.

मामाच्या पत्त्यावर डोमिसाइल काढण्याची युक्ती कुणीतरी सुचवतेच. ती करू नये. एकाच मुलाचे दोन राज्यांत रहिवासी म्हणून कागद निघाले तर छाननीत एका ठिकाणचा प्रवेश रद्द होतो आणि दुसरीकडची मुदत तोवर संपलेली असते. कुमरम भीम आसिफाबादच्या केरामेरी मंडलाला आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याला लागून असलेल्या १४ गावांची गोष्ट निराळी. मुकदमगुडा, परमडोलीसारख्या या गावांवर दोन्ही राज्यांचा दावा आहे, लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आणि मतदार ओळखपत्रे आहेत, आणि त्यात त्यांची लबाडी काहीच नाही. पण त्या मुलांनीही प्रवेशासाठी एक राज्य निवडावे आणि शाळेच्या दाखल्यापासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद त्याच राज्याचे ठेवावेत.

अकरावी-बारावी कुठे केली, यावर किती अवलंबून आहे

हा भाग दहावीतल्या मुलांच्या पालकांनी नीट वाचावा, कारण बारावीनंतर त्याचा उपयोग नाही.

नीटच्या तयारीसाठी आपल्याकडून अनेक मुले लातूर-नांदेडला अकरावी-बारावी करायला जातात. शिकवणी चांगली असते, खोलीभाडे हैदराबादपेक्षा कमी असते, सगळे खरे. पण तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी स्थानिक ठरायचे तर बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यात झालेली असावी लागतात. २०२४ मध्ये हा नियम कडक झाला, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. बदलीवर बाहेर असलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या मुलांसारख्या काहींना सूट आहे. कोचिंगसाठी गेलेल्यांना नाही. दुसरीकडे महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला तिथली दहावी, बारावी आणि अधिवास मागतात. म्हणजे आदिलाबादला दहावी आणि लातूरला बारावी केलेला मुलगा दोन्ही राज्यांच्या ८५ टक्के जागांबाहेर राहू शकतो. उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा, आणि तिथली गुणांची चढाओढ सर्वांना माहीत आहे.

याची पैशातली किंमत पाहा. आदिलाबादच्या रिम्समध्ये किंवा राज्यातल्या दुसऱ्या सरकारी कॉलेजात स्थानिक मुलाला जी सीट नाममात्र फीत मिळाली असती, ती गेल्यावर खाजगी कॉलेजातील बी-कॅटेगरीची सीट वर्षाला १० लाखांच्या वर जाते. दोन वर्षांच्या कोचिंगमध्ये वाचवलेले पैसे या फरकापुढे काहीच नाहीत. लातूरलाच पाठवायचे असेल तर पाठवावे, पण हे माहीत असून. बारावी इथूनच करून मग एक वर्ष रिपीटर म्हणून लातूरला जाणे हा मधला मार्ग काही घरे निवडतात, आणि तो शहाणपणाचा आहे.

अभियांत्रिकीत थोडी मोकळीक मिळू शकते, कारण तिथे सलग चार वर्षांखेरीज सात वर्षांच्या मोजणीचीही तरतूद आहे. तरी मुलाचे वर्ग कुठे-कुठे झाले ते कागदावर लिहून हेल्पलाइन केंद्रात दाखवून घ्यावे. एनआयटीचे गणित आणखी वेगळे. तिथे निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य म्हणजे जिथून बारावी पास झाली ते राज्य. आदिलाबादहून इंटर केले तर वरंगलच्या एनआयटीत गृहराज्याचा लाभ, नांदेडहून बारावी केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीत. हा बदल दर वेळी तोट्याचाच असतो असे नाही, पण तो नकळत होऊ नये.

जातीचा दाखला सरहद्दीपलीकडे

दोन्ही राज्यांच्या याद्या वेगळ्या आहेत. बंजारा किंवा लंबाडा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. महार, मांग, आंध, कोलाम ही नावे दोन्हीकडच्या याद्यांत आहेत. म्हणून दाखलाही दोन्हीकडे चालेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात हा प्रश्न सोडवला. मूळ आंध्रचा, अनुसूचित जमातीचा हा विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढला आणि तिथल्या वैद्यकीय कॉलेजात जमातीच्या राखीव जागेवर त्याने हक्क सांगितला. न्यायालयाने सांगितले की जात किंवा जमात त्या-त्या राज्याच्या संदर्भात अधिसूचित होते, म्हणून दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो लाभ आपोआप सोबत जात नाही. त्यामुळे तेलंगणाचा दाखला घेऊन महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात राखीव जागा मागता येत नाही.

आयआयटी, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठे इथे मात्र गोष्ट उलट आहे. केंद्राच्या संस्थांत आपल्या राज्याचा एससी, एसटी दाखला देशभर चालतो. एनआयटीत शिकवणी शुल्क वर्षाला सव्वा लाख आहे, पण एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ. इतर कुणाच्या कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर त्यालाही पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांमध्ये असेल तर दोन-तृतीयांश माफ. आयआयटीतही हीच रीत. शेतकरी घरातली अनेक मुले या मर्यादेत बसतात. वरचा फीचा आकडा पाहून एनआयटीची सीट सोडणे आणि पन्नास टक्के स्कॉलरशिपवर खाजगीत जाणे, असा उलटा व्यवहार दरवर्षी कुठेतरी होतो.

एससी विद्यार्थी राज्याबाहेर शिकायला गेला तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमानुसार पैसे त्याच्या मूळ राज्याने द्यायचे असतात, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पण त्यासाठी ते कॉलेज आणि तो कोर्स मान्य असावा लागतो. प्रवेश घेण्याआधी जिल्हा एससी कल्याण कार्यालयात कॉलेजचे नाव सांगून विचारावे, नंतर नव्हे.

एक हिशेब मांडून पाहू

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापले घालून पाहावेत. ग्रामीण भागातील बीसी विद्यार्थिनी, रँक २५ हजार.

पहिले कॉलेज हैदराबादजवळचे, कन्व्हीनर कोटा, फी १ लाख, परतावा ३५ हजार. दुसरे खाजगी विद्यापीठ, फी २ लाख ४० हजार, स्कॉलरशिप निम्मी, म्हणजे १ लाख २० हजार. मदतीचे आकडे शेजारी ठेवले तर ३५ हजार आणि १ लाख २० हजार; दुसरे विद्यापीठ उदार वाटते. घरातून जाणारी फी पाहिली तर ६५ हजार आणि १ लाख २० हजार. चार वर्षांचे २ लाख ६० हजार आणि ४ लाख ८० हजार. राहणे-जेवण पहिल्या ठिकाणी वर्षाला ९० हजार आणि दुसऱ्या ठिकाणी १ लाख २० हजार धरले, तर एकूण ६ लाख २० हजार विरुद्ध ९ लाख ६० हजार. फरक ३ लाख ४० हजारांचा.

आता सगळे बिघडले तर काय, तेही मांडावे. पहिल्या ठिकाणी परतावा एकदाही आला नाही असे धरले तरी खर्च ७ लाख ६० हजारांवर थांबतो. दुसऱ्या ठिकाणी ठराविक गुणांची अट पहिल्याच वर्षी चुकली आणि स्कॉलरशिप गेली, तर उरलेली तीन वर्षे पूर्ण फी, आणि बेरीज १३ लाख २० हजार. म्हणजे पहिल्या कॉलेजची वाईटात वाईट स्थितीही दुसऱ्याच्या चांगल्यात चांगल्या स्थितीपेक्षा स्वस्त आहे. असे चित्र निघाले की निर्णय सोपा होतो. दोन्ही चित्रे एकमेकांत शिरतात तेव्हाच शाखा, प्राध्यापक, नोकऱ्यांची खरी आकडेवारी यांचा विचार करून जास्त पैसे द्यायचे की नाही ते ठरवावे. हवी ती शाखा एकाच ठिकाणी मिळत असेल आणि मुलीचा कल पक्का असेल, तर लाख-दीड लाखाच्या फरकासाठी तिला नको त्या शाखेत ढकलू नये, असे मला वाटते.

अटी वाचाव्यात

मदत किती यापेक्षा किती वर्षे आणि कोणत्या अटीवर, हे जास्त महत्त्वाचे. याचे आपल्या सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे ते लंडनला शिकू लागले, पण वाढवून मिळालेली मुदत १९१७ मध्ये संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. शिष्यवृत्ती मोलाची होती, तिच्याविना काहीच झाले नसते. तरी तिची मुदत आणि अभ्यासाची मुदत जुळली नाही तेव्हा तीन वर्षे मध्ये गेली.

आजच्या पत्रात हेच शोधावे. मदत पहिल्या वर्षापुरती की शेवटपर्यंत? किती गुण राखावे लागतील, आणि एका सेमिस्टरला घसरले तर पुन्हा मिळते का? दरवर्षी फी वाढली तर मदतही वाढते, की रक्कम तीच राहते? शाखा बदलली तर काय? ही उत्तरे फोनवर नको, ई-मेलवर किंवा शिक्क्याच्या कागदावर घ्यावीत. जो लेखी द्यायला टाळतो त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

पैसे लागतात कधी

कॉलेजची फी जुलै-ऑगस्टमध्ये मागतात. आपल्या घरात तेव्हा बियाणे, खत, फवारणी यांत पैसा गुंतलेला असतो. कापूस मार्केट यार्डात जातो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि हातात रक्कम येईपर्यंत पहिले सेमिस्टर संपत येते. म्हणून वर्षाचा खर्च सारखा असलेल्या दोन कॉलेजांतले जे हप्ते देते ते आपल्याला परवडणारे. प्रवेशाच्या वेळीच विचारावे की अर्धी फी डिसेंबरमध्ये भरली तर चालेल का. बरीच कॉलेजे हो म्हणतात, फक्त विचारावे लागते. ऑगस्टमधल्या ५० हजारांसाठी सावकाराकडे किंवा अडत्याकडे जाऊन पुढच्या कापसावर उचल घेतली, की स्कॉलरशिपचा अर्धा फायदा तिथेच जातो.

कर्ज घ्यायचे असेल तर

बँकेच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार दोन्हींविना कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत, आणि साडेचार लाखांच्या आतील उत्पन्न व तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर शिक्षणकाळातले व्याज शासन भरते. आपले कॉलेज त्या यादीत आहे का हे पाहणे म्हणूनच मदतीच्या तुलनेचाच भाग आहे.

व्याजाचा अंदाज असावा. १० टक्के दराने दरवर्षी १ लाख असे चार वर्षे उचलले, तर शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष संपेपर्यंत साध्या व्याजानेच १ लाख ४० हजार चढतात. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज ५ लाख ४० हजार झालेले असते, आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये बसतो. सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता, खोलीभाडे आणि घरी पाठवायचे पैसे निघतील का, हे मुलाला स्वतः मांडायला लावावे.

सीट सोडावी लागली तर

दुसऱ्या फेरीत चांगले कॉलेज लागते आणि पहिल्या ठिकाणी भरलेले पैसे अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. पूर्ण परताव्यातून प्रक्रियाखर्च म्हणून फीच्या ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५ हजार रुपये कापता येतात. आयोग एखाद्या वर्षी वेगळ्या तारखा जाहीर करतो, त्या त्या वर्षी पाहाव्यात. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

त्याच अधिसूचनेप्रमाणे मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यायची असतात, संस्थेने ती ठेवून घ्यायची नसतात. प्रवेशाच्या दिवशी गर्दीत हे कुणी आठवून देत नाही. दहावीचा मेमो, इंटरचा मेमो, टी.सी., बोनाफाईड, जात, उत्पन्न आणि स्थानिकत्वाचे दाखले यांच्या पाच-पाच साक्षांकित प्रती करून न्याव्यात, मूळ कागद दाखवून परत मागावेत, आणि टी.सी. ठेवून घेतली तर तिची पावती घेऊनच बाहेर पडावे. एप्सेटची पुढची फेरी, जोसाची फेरी आणि महाराष्ट्राची फेरी यांच्या तारखा एकमेकींवर येतात; तेव्हा कागद कुठे आहेत यावर सीट टिकते.